वीरण्णांची घरची भाषा

"उदगीर जिल्हा झाल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही," असं वीरण्णांनी भर मांडवात जाहीर केलं, आणि पुढच्याच क्षणी डोळे पांढरे करून ते माइकसकट खाली आले. सभेनं टाळ्या वाजवल्या. जिल्ह्यासाठी एवढं कळवळून पडलेलं लोकांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

ही फीट आहे, हे फक्त आम्हा जिल्हा समितीवाल्यांना ठाऊक. वीरण्णा आमचे अध्यक्ष, लोखंडी सामानाच्या दुकानाचे मालक. नाना तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, डोस वाढले. झोप वाढली, फीट काही हटेना. त्यात तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि जिल्हा झाला तर आपल्याही नावानं एक गाडी सुटेल, अशी समितीची मांडणी होती. अशा वेळी अध्यक्षानं भाषणाच्या मध्यात पडणं परवडणारं नव्हतं. वीरण्णांनी ठरवलं, ऑपरेशन करायचं म्हणजे करायचं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉ. सुजाता सोनकांबळे यांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूत फीट उठते ती जागा बोलण्याच्या जागेला अगदी लागून आहे. म्हणून कवटी उघडल्यावर पेशंटला जागं करायचं, चित्रं दाखवून नावं विचारायची आणि मेंदूला ठिकठिकाणी हलका करंट लावत जायचं. बोलणं जिथं अडेल तिथं खुणेची चिठ्ठी ठेवायची; ती जागा कापायची नाही. मग त्यांनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता?

"मराठी," वीरण्णा म्हणाले. "फक्त मराठी."

कारण आम्ही समितीवाले शेजारीच उभे होतो. वीरण्णांच्या घरी चुलीपासून देवघरापर्यंत कन्नड चालते, हे अख्ख्या गल्लीला माहीत. पण विरोधक आधीच म्हणत होते, ह्यांना जिल्हा कशाला, कर्नाटकात बिदरला जोडून द्या. खुद्द अध्यक्षच घरी कन्नड बोलतात असं दवाखान्याच्या कागदावर आलं, तर त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं. आम्हीही गंभीरपणे माना डोलावल्या. डॉक्टरांना डोक्याचा नकाशा काढायचा होता; आम्ही तालुक्याचा सांभाळत होतो.

वीरण्णांच्या पत्नी कमलम्मा तेव्हा खाली टँकरच्या रांगेत होत्या. पेशंटचं पाणी नातेवाइकांनीच आणायचं होतं. कॅन घेऊन वर आल्या तर नर्स चित्रांचा सराव घेत होती. गाय, किल्ली, चप्पल. कमलम्मांनी चौकशी केली. कन्नड कुणी विचारणारच नाही, हे कळल्यावर त्यांनी कॅन खाली ठेवला आणि डॉक्टर येईपर्यंत खाटेपासून हलल्या नाहीत.

"बाई, मराठी हे गिऱ्हाइकाशी बोलत्यात," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तेवढीच उरली तर जन्मभर मला 'या, बसा, काय दाखवू' म्हणतील."

वीरण्णांनी डोळ्यांनी दटावलं, मग तोंडानं. बाहेर कळलं तर जिल्हा जाईल.

"जाऊ द्या. तुमची कन्नड गेली तर मी भांडू कुणाशी?"

डॉक्टर म्हणाल्या, दोन भाषांच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात. जी तपासली नाही तिची हमी देता येत नाही. शिवाय त्यांना स्वतःला कन्नड येत नव्हती, म्हणजे काकूंना आत यावं लागणार. वीरण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही पंख्याकडे पाहिलं.

"दोन्ही तपासा," ते म्हणाले.

पुढचं कमलम्मांनी सांगितलेलं. झगा, टोपी, मास्क घालून त्या वीरण्णांच्या तोंडासमोर बसल्या. उघडं डोकं पडद्यापलीकडे. प्रत्येक चित्र दोनदा. एका जागी करंट लागला तेव्हा समोर घागर होती. मराठीत स्वच्छ 'घागर' आलं. कन्नडला नुसते ओठ हलले. कमलम्मांनी नकारार्थी मान हलवली. करंट काढल्याबरोबर शब्द आला. पुन्हा लावला, पुन्हा अडला.

डॉक्टरांनी तिथं चिठ्ठी ठेवली. "काका, मी इथूनच कापणार होते," त्या म्हणाल्या.

मग ती जागा वगळून, कडेकडेनं काम सुरू झालं. वेळ वाढला. थोडं थांबू या का, असं दोनदा विचारून झालं. वीरण्णा दोन्ही वेळा "चालू ठेवा" म्हणाले आणि दोन्ही भाषांत नावं सांगत राहिले.

हवं तेवढं काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता चित्र नाही. काकूंशी कन्नडमध्ये बोला, मनातलं."

सगळे हात थांबले. वीरण्णा बोलले. हळू, पण सलग, कुठंही न अडखळता. मास्कच्या वर कमलम्मांचे डोळे भरून आले.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात बांधलेत म्हणत्यात," कमलम्मा म्हणाल्या. "कुणीतरी जरा नाक खाजवा."