धक्क्यावरचा ढोल

दर रविवारी सकाळी ओबडाया स्ट्राउड मला चुलीपासून हातभर अंतरावर ठेवी. समुद्राच्या दमट हवेने सैलावलेले माझे कातडे उबेने ताठ होई. मग तो दोऱ्या ओढून घेई, टिचकी मारून आवाज पाही आणि प्रार्थनेची हाळी द्यायला बाहेर पडे. मित्रांनो, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील एका वसाहतीचा मी जुना ढोल. गावात तेव्हा घंटा नव्हती. आग लागो वा लांडगा येवो, लोक माझ्याच आवाजावर धावत. त्याचा मला अभिमान होता.

पुढे गावात क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक आले. ते पाद्री मानत नसत. प्रार्थनेला मुकाट बसत आणि अंतरातून प्रेरणा झाली तरच बोलत. लहानथोर सर्वांना ते ‘तू’ म्हणत. आमच्याच गावची डॉर्कस वायेथ त्यांच्यात गेली आणि न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणाली. तिला हद्दपारीची शिक्षा झाली. परतली तर फाशी. जहाजाकडे जाताना तिचा शब्द कोणाच्या कानी पडू नये, म्हणून मला नेण्यात आले.

धक्क्यावर तिची आई टॅबिथा काठी टेकत उभी होती. तिला कमी ऐकू येई. लेकीचे शेवटचे बोल ऐकण्यासाठी ती पहाटेपासून आली होती. डॉर्कस तिच्यासमोर थांबताच पहाऱ्यावरच्या शिपायांच्या कप्तानाने खूण केली आणि मी गरजू लागलो. डॉर्कस मात्र प्रेरणेची वाट पाहत गप्पच होती. आम्ही एका मौनावर बडवत राहिलो. धक्क्यावरचे कोळी हसू लागले.

“ओबडाया, डॉर्कस जांभई देतेय बघ. जोरात वाजव,” त्यांच्यातला एकजण म्हणाला.

ओबडाया ओशाळून थांबला.

“दम घे, ओबडाया,” डॉर्कस म्हणाली. “तुझं झालं की सांग. मला आईशी बोलायचंय.”

“वाजव,” कप्तान म्हणाला.

मित्रांनो, आज मी माळ्यावर धूळ खात आहे. गावाने घंटा आणली, त्याचे दुःख नाही. विनवणी एवढीच, की माणसांना एकत्र बोलावणाऱ्या वस्तूने कोणाचे तोंड बंद करू नका. अशा वापराने वस्तू झिजत नाही, पण तिची लाज वाटू लागते.

हुकूम मोडणाऱ्याला फटके बसतात, हे ओबडायाला ठाऊक होते. तरीही त्या दिवशी धक्क्यावर त्याने खांद्यावरचा पट्टा काढला, मला फळ्यांवर आडवे ठेवले आणि टॅबिथाचा हात धरला.

“बसा, मावशी,” तो म्हणाला.

म्हातारी माझ्यावर टेकली. डॉर्कस तिच्या कानाशी वाकली.