शाल, नारळ आणि हनानचं नाव

विनयाने फार्मसीच्या मागच्या खोलीत जाऊन पोस्ट काढून टाकली. इथल्या मराठी मंडळाच्या फेसबुक पानावर ती दोन दिवस होती. एकेचाळीस शेअर.

कौतुकाची हौस नडली, दुसरं काय! तिच्याच काउंटरवर काम करणारी हनान संध्याकाळी यूट्यूबवर अरबीत बातम्या वाचायची, टोपण नावाने, चेहरा न दाखवता. तिच्या देशात पेपर, टीव्ही सगळं सरकारच्या मुठीत, म्हणून तिकडची माणसं दारं लावून तिचा आवाज ऐकत. हे तिने विश्वासाने सांगितलेलं. आणि विनयाने काय केलं, तर महिलादिनाला तिला माउंट रॉस्किल उपनगरातल्या मंडळाच्या हॉलमध्ये नेऊन तिचा सत्कार केला. भाषण मराठीत, त्यामुळे हनान शाल सावरत नुसती हसत राहिली. फोटोखाली मात्र तिचं पूर्ण नाव, चॅनलचं नाव, सगळं हौसेने इंग्रजीत. तिचा भाऊ बासिल अजून तिकडेच राहतो, हे विनयाला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच; आठवलं ते आज, शेअरचा आकडा बघताना.

आज हनान दुपारी आली. रोजचा माओरी नमस्कार, 'किया ओरा', नाही, कोट अंगातच.

"बासिलला घरातून उचलून नेलं," ती म्हणाली. "कुठे, ते कुणी सांगत नाही."

विनया काउंटरमागून बाहेर आली.

"माझ्यामुळे झालं. हनान, मी पोस्ट काढलीय. ज्यांनी शेअर केली त्या एकेकाला फोन करते, त्यांनाही काढायला..."

"काढलीस?"

"हो. आत्ताच."

"तुझ्यामुळे की आणखी कशामुळे, ते आपल्याला कधीच कळणार नाही." हनानने डोळे पुसले. रागावली असती तर विनयाला बरं वाटलं असतं. "पण तिकडे ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो माणूस परत येत नाही. माझं नाव आता लपवून उपयोग नाही. त्याचं सगळीकडे जाऊ दे. तुमची माणसं भराभर शेअर करतात ना?"

तिने फोन पुढे केला. चष्मा घातलेला बासिल, कुशीत मांजर.

विनयाने फोटो घेतला. नाव, वय, गाव, हनान सांगेल तसं एकेक अक्षर लिहिलं. अंगठा बटणापाशी नेला आणि थांबली.

"टाकू?" तिने विचारलं.