चांगल्या बाजूचं सोयाबीन

"सर, तिकडं कायले जाता? तिकडं काई नाई, नुसतं बरड हाये," जैनुद्दीन म्हणाला आणि त्यानं दोरीचं टोक गोपाळकृष्ण सरांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं.

सर नाल्याकडच्या उतारावर उभे होते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं. पायाशी सोयाबीन वीतभर वाढून करपलेलं. शेंग चिमटीत धरून दाबली तर आत दाणा नाही, नुसतं टरफल. जुलैत धो धो बरसून पावसानं त्या वर्षी जी पाठ फिरवली ती फिरवलीच. हिवरखेडच्या शिवारात बहुतेकांची हीच गत होती.

पण सरांना तिथं आकड्यांनी आणलं होतं. पीक कापणी प्रयोगाची रीतच तशी. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, चिठ्ठी काढावी तसे कोणाच्याही मर्जीनं न ठरलेले दोन आकडे घ्यायचे, एकाइतकी पावलं लांबीकडं आणि दुसऱ्याइतकी रुंदीकडं टाकायची. पावलं थांबतील तिथं दोरीनं चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. अशा शेताशेतांतल्या वजनांची सरासरी काढून साऱ्या महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, उत्पन्न ठरतं. ती सरासरी सरकारनं ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली गेली तर मंडळातल्या सगळ्यांना पीक विमा, वर राहिली तर कोणालाच नाही.

"चाचा, नंबर इथलाच आला," गजाला म्हणाली. ती सरांच्या बरोबर शिकणारी, पातूरच्या गादीवाल्याची मुलगी. आजचा प्रयोग सरांच्या अभ्यासाच्या प्रकल्पातला, तिचा स्वतःचा प्रकल्प वेगळा होता, आज ती फक्त सरांच्या मदतीला आली होती.

"आवं बेटा, पाहुण्याले कोनी वाळल्या पिकात उभं करते काय? अन् तेबी सरले?" जैनुद्दीन हसला. "विहिरीजवळचं पाहा ना. दोन पाणी देल्ले त्याले. सरचा पेपर हाये ना हा? मंग! पीक चांगलं तं मार्क चांगले."

सरही हसले. हसायला नको होतं. 'अरे, हा माझा पेपर नव्हे, तुमच्या विम्याचा हिशेब आहे,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आठवीच्या वर्गात याच जैनुद्दीनला त्यांनी किती वेळा उभं केलं असेल! उत्तर बरोबर असायचं, पायऱ्या नसायच्या. "आधी पायऱ्या दाखव, मग बस," असं ओरडणारे सर आता गप्प राहिले.

गप्प राहण्याला कारणं होती आणि प्रत्येक कारण थोडं थोडं गोडच होतं. सकाळी एस.टी.तून उतरले तेव्हा पारावर बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली होती. हिवरखेडात ती जुनी रीत. सरांनी गाव सोडून अकोल्याला बिऱ्हाड केलं त्याला वर्षं झाली, पण रीत सुटली नव्हती. गजाला ते बघून चाट पडली होती आणि सरांना मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. हा सरकारी प्रयोग ज्यानं करायचा तो सोबतचा कृषी सहायक तर "सर, तुमी मास्तरच, तुमच्यापुढं मी काय करू?" म्हणून मोटारसायकलवर पुढच्या गावाला निघूनही गेला होता. आणि विहिरीजवळच्या बाभळीखाली बिस्मिल्लाबी भाकरी घेऊन बसली होती. जैनुद्दीनची बायको. सर शाकाहारी, म्हणून तिनं वांग्याची भाजी कोऱ्या भगोण्यात केली होती. "आजच काढलं सर, कशाचाच हात नाई लागला त्याले," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. एवढं करणाऱ्या माणसाला तुझ्या करपलेल्या तुकड्यातच मी चौकोन आखणार, असं तोंड वर करून कसं सांगायचं?

"सर, पण नंबर..." गजाला पुन्हा म्हणाली.

"असू दे गं. एका प्रयोगानं सरासरीला काय होतंय?" सर म्हणाले आणि जैनुद्दीनच्या मागं विहिरीकडं चालू लागले.

विहिरीजवळचं सोयाबीन खरंच देखणं होतं. जैनुद्दीननं स्वतः विळा चालवला आणि काटा खाली झुकला तेव्हा पोराचा निकाल ऐकावा तसा तो खूश झाला.

*

हे सर या वयात शिकत होते, हीच मुळात अकोल्यात चेष्टेची गोष्ट झाली होती. वडील भिक्षुकी करायचे. ते गेले आणि बी.एस्सी. झालेल्या गोपाळकृष्णानं पुढं शिकायचं सोडून हिवरखेडच्या शाळेत नोकरी धरली. गणित शिकवता शिकवता केस पांढरे झाले. मुलीचं लग्न झालं, त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि एक दिवस जेवताना सांगून टाकलं की अमरावतीला उपयोजित गणित आणि संख्याशास्त्राचा नवा व्यावसायिक एम.एस्सी. निघालाय आणि आपण नाव घातलंय.

"नातवंडाला खेळवायच्या वयात स्वतःच दप्तर घ्या आता," त्यांची बायको चारुशीलाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून डबा भरून द्यायला लागल्या.

रोज अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढं ऑटो. वर्गातली पोरं त्यांच्या मुलीहून लहान. पहिल्या दिवशी सर वर्गात शिरले तर सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं शिकवायलाच आले. सर कानकोंडे होऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. संगणकावर त्यांची बोटं चालत नसत. गजालानं त्यांना शिकवलं. त्याच्या बदल्यात त्यांनी तिला कागदावर सिद्धता करायला शिकवलं. जन्मभर त्यांनी पोरांना ठरलेली गणितं दिली होती, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागं असत. इथं पाऊस, कापूस आणि बाजारभाव यांची गणितं होती. आपण इतकी वर्षं विहिरीत होतो आणि आता नदी पाहतोय, असं ते बायकोला सांगत. त्यांना त्या पदवीची भूक लागली होती, हेच खरं.

डिसेंबरात प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली. विभागप्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेतात स्वतः जाऊन माहिती कशी गोळा करावी, हे सरांकडून शिका." पोरांनी टाळ्या वाजवल्या. गजालानंही वाजवल्या, पण सरांकडं न बघता.

मग मार्चमध्ये एक दिवस ती प्रयोगशाळेत वर्तमानपत्र घेऊनच आली.

"सर, हिवरखेड मंडळाले विमा नाई भेटला. सरासरी उंबरठ्याच्या जराशी वर राह्यली म्हणते."

"जराशी?"

"जराशीच."

बाजूची सगळी मंडळं विम्यात बसली होती. सर तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मंडळातल्या साऱ्या प्रयोगांचे आकडे प्रकल्पासाठी संगणकात होतेच. "आपला प्रयोग काढ. त्याच्या जागी नाल्याकडचा आकडा टाक."

"तो तं आपण घेतलाच नाई, सर."

"अंदाजानं टाक. हात सैल सोडून टाक, होतं त्याहून जास्तच."

गजालानं आकडा टाकला. पडद्यावरची सरासरी उंबरठ्याच्या खाली उतरली. तिनं अजून थोडा वाढवून पाहिला, तरी खालीच. संख्याशास्त्रात हे ते शिकलेच होते: काटा उंबरठ्यावरच अडलेला असला की एक खोटं माप पुरतं. परीक्षेत सरांनी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळवले होते.

"सर, मीबी होती तिथं," गजाला हळूच म्हणाली.

"तू बोलली होतीस. मीच तुला गप्प केलं."

त्यांना इतकी लाज वाटली की तिच्यासमोरून उठून जायलाही जमेना. शेवटी तीच उठली आणि पाण्याची बाटली त्यांच्यापुढं ठेवून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या की प्रकल्प रद्द करावा लागेल, पुढच्या वर्षी पुन्हा. सर "हो" म्हणाले. तिथून ते तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबानं ऐकून घेतलं आणि आक्षेपाची मुदत संपल्याचं सांगितलं. आता कोणाच्याच हातात काही नव्हतं.

"मग झालं तर," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं तिथं सांगितलं. आता गावात जाऊन शोभा कशाला करून घ्यायची? एवढा मान आहे तुम्हाला तिथं."

"त्या मानापायीच तर झालं," सर म्हणाले आणि चपला घालायला लागले.

*

जैनुद्दीन घरीच होता. सरांना बघून त्यानं खाटेवरची गोधडी झटकली, आत बघून चहा सांगितला आणि सर टेकायच्या आधीच विचारलं, "सर, निकाल लागला काय? पास झाले ना?"

सरांनी रस्ताभर पाठ करून आणलेलं सगळं तिथंच सांडलं. "नाही रे. नापास झालो."

"नापास?" जैनुद्दीनचा चेहरा उतरला. "एवढं चांगलं सोयाबीन दाखवलं तरी?"

सरांनी खाली मान घातली. मग त्यांनी सांगितलं. तो चौकोन कशासाठी होता, नंबर कुठला होता, सरासरी कशी काढतात, विमा का नाही आला. पायऱ्या सोडल्या नाहीत. आठवीतल्या पोराला समजेल असंच सांगितलं आणि जैनुद्दीनला समजलं. समजायला नको होतं असं सरांना वाटलं, इतकं चटकन समजलं.

"म्हणजे म्याच," जैनुद्दीन म्हणाला. "म्याच नेलं तुमाले विहिरीकडं."

"तू पाहुण्याला नेलंस. पावलं मी मोजायची होती."

आतून कप वाजला. बिस्मिल्लाबी चहा घेऊन दारात येऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "सर, गावाले नका सांगू," ती म्हणाली. "लोक म्हनतीन, जैनुद्दीननं आपला मोठेपणा दाखवाले साऱ्या गावाचा विमा बुडवला. आमाले इथंच राहाचं हाये, सर."

सरांनी चहा घेतला. कप रिकामा करून खाली ठेवला. मग जैनुद्दीनला म्हणाले, "चल माझ्यासंगं पारावर. तू काही बोलायचं नाही."

संध्याकाळची वेळ, पार भरलेला होता. सर येताना दिसले तशी माणसं उठली. म्हातारा पुंजारामही काठी टेकत उठला.

"बसा," सर म्हणाले. "आधी ऐका, मग उठायचं का ते ठरवा."

माणसं बसली. जैनुद्दीन कडेला टेकला. सर उभेच राहिले. वर्गात फळ्यापुढं उभं राहावं तसे, फक्त हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, पीक कापणीचा नंबर बरडात आला होता. मला उन्हात तिथं उभं राहायचं नव्हतं. मला वजन चांगलं दिसायला हवं होतं, माझी परीक्षा होती. म्हणून मी चौकोन विहिरीजवळ आखला. शेतकरी नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. तुमचा विमा माझ्यामुळं गेला.

हे निम्मं खोटं होतं. जन्मभर पोरांना खऱ्याचे धडे दिलेल्या माणसानं ते अडखळत का होईना, पण सरळ समोर बघून म्हटलं. जैनुद्दीननं तोंड उघडलं, तशी सरांनी त्याच्याकडं पाहिलं. तो गप्प झाला.

पुंजाराम जमिनीकडं बघत काठीनं माती उकरत राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढे शिकलेले लोक, अन् असं करते." ते शब्द सरांना ऐकू आले. "आमच्या पोरायले तुमीच शिकवलं ना हो?" दुसरा म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं.

एस.टी.चा भोंगा ऐकू आला. "येतो," सर म्हणाले.

कोणी उठलं नाही. सगळे होते तसेच बसून राहिले.

कडेला बसलेल्या जैनुद्दीनला मात्र ते सहन झालं नाही. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि तो उठायला लागला. सर जाता जाता त्याच्यापाशी थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबून त्याला खाली बसवलं.

"बस," ते म्हणाले आणि एस.टी.कडं चालू लागले.