वरातीमागून बोट

निवडून येण्याआधी दाढताईंनी वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला होता. मतदारसंघातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनीच उपटलेल्या, म्हणून हे नाव. विरोधक म्हणायचे, "बाई आधी समोरच्याला 'आ' करायला लावतात, मग बोलायची सोयच राहत नाही." ताईंना हे ऐकून हसू यायचं. नावं ठेवणारे नावं ठेवतात, मतं देणारे मतं देतात, असं त्यांचं सरळ गणित होतं.

तर त्या वर्षी सभागृहात बोटीचा विषय निघाला. मोठ्या बेटावरून धाकट्या बेटावर जाणारी, मोटारी आणि ट्रकसुद्धा पोटात घेणारी फेरीबोट एका कंपनीनं आणली होती. पांढरीशुभ्र, तीन मजली. पण धाकट्या बेटावरचे काही लोक न्यायालयात गेले आणि न्यायालयानं सांगितलं, की या बोटीमुळे समुद्राचं, झाडाझुडपांचं, जीवजंतूंचं काय होईल याचा अभ्यास कुणी केलेलाच नाही. तो आधी करा, मग बोट सोडा. झालं, बोट धक्क्याला बांधलेली राहिली. त्यावर सरकारनं तोड काढली, ती नव्या विधेयकाची. बोट चालू करायची आणि अभ्यासही शेजारी शेजारी चालू द्यायचा.

दाढताई सरकारी पक्षातल्या आणि बोटीच्या बाजूच्या. नासणारा भाजीपाला, अडलेले रुग्ण, शिकायला जाणारी पोरं, ही कारणं त्यांना तोंडपाठ होती आणि ती खोटीही नव्हती. एक कारण मात्र त्या भाषणात घेत नसत. त्यांची एकुलती एक लेक धाकट्या बेटावर दिलेली होती. जुनी लाँच समुद्राच्या मर्जीवर चालायची, विमान चिमुकलं आणि महाग. चार वर्षांच्या नातीला आजी ठाऊक होती ती फोनच्या पडद्यावरची. एकदा ती बोलता बोलता कंटाळली आणि आईला म्हणाली, "आता आजी बंद कर ना." लेक हसली, ताईही हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी विमानाच्या तिकिटाचा भाव पुन्हा एकदा काढून बघितला.

आणि योग असा, की न्यायालयात गेलेल्या लोकांत पहिलं नाव त्यांच्या विहीणबाईंचं होतं.

विधेयकावर मत घेण्याआधी धाकट्या बेटावर जनसुनावणी घ्यायची असं ठरलं. वाहतूक समितीच्या उपाध्यक्ष म्हणून ताईंना जाणं आलं. पक्षाचे प्रतोद त्यांना जिन्यात गाठून म्हणाले, "जायचं, ऐकायचं, मान हलवायची, परत यायचं. आणि घरी जाल तर विहिणीला जरा गोडीत घ्या."

"विहिणीला गोडीत घ्यायला तुम्ही या. मी तुमची ओळख करून देते," ताई म्हणाल्या.

लेकीनं आधीच फोन करून बजावलं होतं. "आई, उतरायचं आमच्याकडेच. पण बोटीचं नाव घरात काढायचं नाही. इकडे सासूबाई एक, तिकडे तू एक. माझं मधल्या मध्ये सँडविच होतं."

समुद्र खवळलेला होता, म्हणून ताई विमानानं आल्या. विहीणबाईंचं घर टेकडीच्या उतारावर, मागे मधपेट्यांच्या रांगा. विहीणबाई उंच, सडपातळ, शब्द मोजून वापरणाऱ्या. व्याही गेल्यापासून मधाचा सगळा व्याप त्या आणि जावई मिळून बघत. स्वागतात कमी काही नव्हतं. गरम पाणी काढलेलं, खिडकीपाशी पलंग, उशाशी पाण्याचा तांब्या. नात दाराआडून बघत राहिली. पडद्यावरची आजी इतकी मोठी असेल असं तिला वाटलं नसावं.

जेवताना दोघी विहिणी हवेवर बोलल्या, जावयाच्या तब्येतीवर बोलल्या, मीठ बरोबर झालंय यावर दोनदा एकमत झालं. मध्येच लेकीनं "आई, जरा वाटी दे" म्हटलं, तर दोघींनी एकदमच हात पुढे केले. वाटी दोघींच्या मध्ये अडकली. नात खुदकन हसली आणि मग जेवण जरा सैल झालं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच तो प्रकार होता. शेवटी विहीणबाईंनीच विचारलं, "उद्या किती वाजता आहे तुमचं ते?"

"सकाळी. तुम्ही बोलणार आहात ना?"

"नाव दिलंय."

"बरं," ताई म्हणाल्या. लेकीनं घाईघाईनं ताटं उचलली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. बाकं कमी पडली, लोक खिडक्यांत बसले. आधी एक भाजीवाला शेतकरी उठला. लाँच आली नाही की त्याचा माल बांधावरच कुजतो, म्हणाला. मग एक सुतार बोलला. त्याच्या बायकोला डायलिसिससाठी मोठ्या बेटावर न्यावं लागे आणि विमान रद्द झालं की घरात काय होतं ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. एका मच्छीमारानं विचारलं, देवमासे पिल्लं घेऊन येतात त्याच वाटेनं ही बोट एवढ्या वेगानं जाणार, त्याचं काय? मग विहीणबाईंचं नाव पुकारलं.

त्या उभ्या राहिल्या. "बोट नको, असं मी कधी म्हटलेलं नाही. मोठ्या बेटावर मधमाश्यांच्या अंगावर एक कीड आहे. उवेएवढी. तिकडे पोळीच्या पोळी ओस पाडली तिनं. आपल्याकडे ती अजून नाही, कारण मध्ये समुद्र आहे. विमानातून मधमाश्या येत नाहीत. पण ट्रकच्या मागे, लाकडाच्या ढिगात एखादं मोहोळ येऊन बसलं, तर कोण बघणार आहे? एकदा आली की ती जात नाही. मग तुमच्या भोपळ्याला, काकडीला फळ कोण धरवणार? आधी बोट सोडायची आणि मागून अभ्यास करायचा, म्हणजे वरातीमागून घोडं."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अहो, तुमच्या विहीणबाईच वर खुर्चीत बसल्यात. हे घरीच मिटवा की!"

सगळं सभागृह हसलं. विहीणबाईंना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, पुढचं वाक्य हरवलं, आणि जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. "घरीच मिटलं असतं. पण ज्यांना नातीला भेटायची घाई झालीय, त्यांना मधमाश्यांचं काय दिसणार?"

हसणं थांबलं. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लेकीनं डोळे मिटून घेतले.

दाढताईंनी इतकी वर्षं राजकारणात काढली, पण हा घाव घरातून आला होता, आणि पंचाईत अशी की तो खरा होता. शेजारचा अधिकारी कुजबुजला, "पुढचं नाव पुकारू का?" ताईंनी माईक ओढला.

"थांबा. विहीणबाई म्हणाल्या ते बरोबर आहे. मला नातीला भेटायची घाई आहे. बोट हवी असण्याचं ते माझं एक कारण आहे, आणि ते मी आजवर सांगितलं नव्हतं. इतिवृत्तात लिहून घ्या. बाकीची कारणं या सुतारदादांनी सांगितली, ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. आता पुढचं नाव पुकारा."

सुनावणी दुपारपर्यंत चालली. परतीच्या वाटेवर लेक गाडी चालवत होती, ताई शेजारी, विहीणबाई मागे. घरी आल्यावर विहीणबाईंनी चहा केला, ताईंच्या पुढ्यात ठेवला, दाराशी गेल्या, परत आल्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं आणि न मागता राहणंही जमत नव्हतं. मग म्हणाल्या, "पेट्या बघणार का? ऊन उतरायच्या आत जायला हवं."

ताईंनी अंगात पांढरा झगा आणि डोक्यावर जाळीची टोपी चढवली. नात म्हणाली, "आजी, तू भूत दिसतेस," आणि आपण होऊन त्यांचा हातमोजा धरला. तिला पेट्यांपासून लांब, पायरीवर बसवून दोघी पुढे गेल्या. विहीणबाईंनी धुराड्यानं हलका धूर सोडला, झाकण काढलं आणि एक चौकट वर उचलली. हजारो माश्या एकाच अंगासारख्या हलत होत्या. ताई मागे सरकल्या नाहीत. जवळून बघायची त्यांना सवय होती.

"अभ्यासाला किती वेळ लागेल, खरं सांगा," ताईंनी विचारलं.

"एक वर्ष तरी. सगळे बहर येऊन जायला हवेत."

"आणि वर्षभर त्या सुतारानं काय करायचं?"

विहीणबाईंनी चौकट हळूच खाली ठेवली. "रात्री झोप लागत नाही, ती त्याच्यामुळेच. तो आमचा शेजारी आहे. या पेट्या त्यानंच केल्यात."

त्यांनी पेटीचं झाकण परत बसवलं. मग ताई म्हणाल्या, "माणसं आली तर? नुसती माणसं. हातातल्या पिशव्या घेऊन. ट्रक, मोटारी अभ्यास होईपर्यंत नाहीत."

"माणसाच्या डोक्यावर मोहोळ बसून आलं तर त्यालाच आधी कळेल," विहीणबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "पण देवमाशांचं राहिलंच. आणि शेतकऱ्याचा माल ट्रकशिवाय कसा जाणार?"

"सगळं नाही होणार."

"म्हणजे कुणीच खूश नाही."

"राजकारणात त्यालाच मार्ग म्हणतात," ताई म्हणाल्या.

विहीणबाई जाळीआडून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सकाळी मी बोलले ते…"

"ते लिहून घेतलंय, आता खोडता येणार नाही," ताई म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

मोठ्या बेटावर परतल्यावर ताईंनी विधेयकाला दुरुस्ती मांडली: अभ्यास पूर्ण होईपर्यंत फक्त प्रवासी न्यावेत, वाहनं नकोत, देवमाशांच्या हंगामात बोटीनं वेग कमी ठेवावा, आणि पुढे वाहनं सोडली तर ती धुऊन, तपासूनच उतरवावीत. प्रतोदांनी डोक्याला हात लावला. "ताई, ट्रक नसतील तर कंपनीला बोट परवडणार नाही. तुम्ही पक्षात आहात की विहिणीकडे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही दोन्ही डगरींवर हात ठेवताय."

"मधे पाणी असलं की ठेवावेच लागतात," ताई म्हणाल्या.

चर्चा दोन दिवस चालली. एका बाजूनं विकासाचे शत्रू, दुसऱ्या बाजूनं कंपनीचे दलाल, असे शब्द इकडून तिकडे फेकले गेले. ताई उठल्या तेव्हा त्यांनी कुणालाही शत्रू म्हटलं नाही. सुताराचं सांगितलं, मधमाश्यांच्या किडीचं सांगितलं, स्वतःच्या नातीचंही सांगितलं. सभागृहानं शांतपणे ऐकून घेतलं आणि थोडक्या मतांनी दुरुस्ती पाडली. मंत्र्यांनी तिच्यातलं एकच कलम उचललं: धाकट्या बेटावर उतरणारं प्रत्येक वाहन आधी धुतलं आणि तपासलं जावं, आणि तपासणीला तिथल्या रहिवाशांचे प्रतिनिधी असावेत. मग मूळ विधेयकाला मत द्यायची वेळ आली. ताईंनी विरोधात हात वर केला. स्वतःच्या पक्षाच्या बाकांवर तो एकच हात वर होता आणि खाली घेईपर्यंत तो फार जड वाटला. विधेयक मंजूर झालं. पुढच्याच आठवड्यात समितीचं उपाध्यक्षपद गेलं.

बोट सुरू झाली. ज्या बोटीविरुद्ध मत दिलं तिच्यात कोणत्या तोंडानं बसायचं, म्हणून ताईंनी पहिला महिना तसाच घालवला. मग लेकीचा फोन आला. "आई, उगाच अडून बसू नकोस. सगळे बसतात."

त्या बसल्या. धाकट्या बेटाच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा समोर रबरी बूट घातलेल्या विहीणबाई. हातात टॉर्च, मागे चार-पाच बायका-माणसं, पाण्याच्या नळ्या, ब्रश. एका ट्रकच्या खाली वाकून त्या चालकाला दरडावत होत्या, "अहो, चाकाच्या आतली माती कोण काढणार? मी?" ताईंना बघून त्या सरळ झाल्या. कंबरेवर हात ठेवला.

"आलात? पिशवी उघडा."

"अहो, मी तुमची विहीण."

"म्हणूनच. नाहीतर लोक काय म्हणतील?"

पिशवीत कपडे आणि एक चित्रांचं पुस्तक निघालं. विहीणबाईंनी तेही झटकून पाहिलं आणि परत दिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "बोट कशी आहे?"

ताईंनी मागे वळून बोटीकडे बघितलं. "फार छान आहे हो. त्याचंच वाईट वाटलं."

विहीणबाई मोठ्यानं हसल्या, इतक्या की ट्रकचालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "परवा सुताराच्या बायकोला घेऊन गेली नि वेळेवर आणली," त्या म्हणाल्या. "मी धक्क्यावरच होते. बरं वाटलं. आणि रात्री पुन्हा पेट्या तपासल्या."

"काही दिसलं?"

"अजून तरी नाही."

मागे आणखी तीन ट्रक उभे होते. लेक यायला वेळ होता. ताईंनी पिशवी कट्ट्यावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि एक नळी उचलली.