चुन्याखालची रेघ

गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आधी भिंतीला चुना लागतो, पोह्यांचा विचार मग. मालतीबाईंना तर चुना हवाच होता. गेल्या पावसात घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं आणि त्याची मातकट रेघ भिंतीवर तशीच होती. पाण्यात राहणाऱ्यांची कसली आली पत? मालतीबाईंनी दोनदा चुना फिरवून रेघ गाडून टाकली. शेजारणींनीही आपापल्या भिंती पांढऱ्या केल्या. मालतीबाईंच्या लेकीची, जयश्रीची सोयरीक म्हणजे अख्ख्या गल्लीची अब्रू!

शिरपूरचे पाहुणे चहा पीत होते आणि नेमके तेव्हाच रेल्वेचे भूपेंद्रभाई मोजपट्टी घेऊन दारात उभे राहिले. गल्लीमागे रेल्वेचा भराव, त्याखाली पाणी जायला अरुंद मोरी. ती जुन्या पावसाच्या अंदाजानं बांधलेली. आता महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो, असं त्यांनी समजावलं. नवी मोरी केवढी करायची, हे घराघरांतल्या पाण्याच्या खुणा पाहून ठरणार होतं. तुमच्याकडे कुठवर आलं होतं, त्यांनी विचारलं.

नवऱ्यामुलाच्या आत्याबाईंची बशी ओठांशीच थांबली.

"पानी?" मालतीबाई हसल्या. "नही भाऊ, आमना घरमा पानी येस नही."

भूपेंद्रभाई समोरच्या शोभाबाईंकडे वळले. त्यांचं घर सगळ्यांत सखल. ज्यावर पोट भरायचं ते शिलाई मशीन गेल्या पुरात गंजलं होतं आणि मोठ्या खटपटीनं पुन्हा चालू झालं होतं. शोभाबाईंनी मालतीबाईंच्या दारातल्या पाहुण्यांच्या चपला पाहिल्या.

"ओट्यालेबी लागनं नही, भाऊ."

मग सगळी गल्ली तेच बोलली. एवढी एकी आम्ही पाण्याच्या नळावर कधी दाखवली नव्हती! भूपेंद्रभाई त्या पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे बघत निघून गेले.

जयश्रीचं लग्न झालं. मोरीही झाली, जुनीपेक्षा वीतभर मोठी.

पुढच्या पावसात पाणी भरावाला अडलं आणि गल्लीत वळलं. वरून गाड्या कोरड्या रुळांवरून खुशाल जात होत्या. शोभाबाईंच्या सखल घरात तर खाटही बुडाली होती. त्या मालतीबाईंच्या खाटेवर येऊन बसल्या. खाटेखाली पाणी हिंदकळत होतं, भिंतीवरचा चुना त्यात विरघळत होता आणि जुनी रेघ पुन्हा दिसू लागली होती. मालतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोभाबाईंनी एक शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

"शोभे, तुनी मशीन..." मालतीबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या.

"बुडनी. राहू दे ती," शोभाबाई ओल्या पदराला पीळ देत म्हणाल्या. "जयू सासरले सुखमा शे ना?"

मालतीबाईंनी मान डोलावली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.