वीस अंशांचा नियम

नेव्याना कार्लुकोव्स्का या बाईच्या हाताखाली मी एकवीस वर्षं काम केलं आणि बारा वर्षं तिच्याशी खोटं बोलले. खोटं म्हणजे एकदाच, एकच शब्द. पण तो मागे घेतला नाही तोवर रोजच बोलल्यासारखं असतं, हे मला आता कळतं.

सोफियातल्या आमच्या संस्थेत चौथ्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा होती. मी तिथली मदतनीस. काचसामान धुवायचं, वाफेवर निर्जंतुक करायचं, यीस्टचं खाणं शिजवायचं. नेव्याना ज्याच्यावर संशोधन करायची ते पावात घालतात तेच साधं यीस्ट. त्याच्या डीएनएत एक तुकडा असतो. तो अधूनमधून स्वतःची नक्कल काढतो आणि ती नक्कल उडी मारून दुसऱ्याच जागी जाऊन बसते.

"आगाऊ भाडेकरू आहे," नेव्याना म्हणायची. "एरवी झोपा काढतो. घराला आग लागली की या खोलीतून त्या खोलीत पळत सुटतो."

आग म्हणजे विष. कॅन्सर करणारं काही यीस्टला पाजलं की त्या तुकड्याच्या उड्या वाढतात. नेव्यानानं त्या तुकड्याला अशी खूण जोडली होती, की ज्या पेशीत उडी पडली तेवढीच पेशी उपाशी प्लेटवर जगायची आणि तिचा पांढरा ठिपका व्हायचा. ठिपके मोजले की झालं. चांगल्या पाण्याला सात-आठ, वाईटाला पन्नास-साठ. महागडं यंत्र नको, परदेशी रसायन नको. लग्न नाही, मूलबाळ नाही, सगळा जन्म तिनं या ठिपक्यांत घातला होता.

अट एकच. विष पाजल्यावर यीस्ट तीन दिवस वीस अंशांवर वाढवायचं. तीस अंशांवर ते खाऊनपिऊन मजेत वाढतं, पण तो तुकडा उडीच मारत नाही. वीस अंश राखणाऱ्या कपाटाच्या दारावर तिनं लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'वीस. कारण विचारू नका. वीस.' ते मी दिवसातून दहादा वाचायचे.

एक्क्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. दोन तास वीज, दोन तास अंधार असं चाललं होतं. रेडिएटर हाताला कोमट लागला तर आम्ही एकमेकींना बोलावून दाखवायचो. बोटं कापलेले हातमोजे घालून मी काचा धूत असे. एकमेकांना कॉम्रेड म्हणायचं नुकतंच बंद झालं होतं आणि 'मॅडम' म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून मी तिला डॉक्टर म्हणायचे.

वर्बिना हे माझं माहेर. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या खाणीच्या गाळाचं तळं आहे. त्या शरद ऋतूत त्याचा बांध खचला आणि ओढ्याला राखाडी पाणी आलं. मेयरनं गावच्या चेश्म्याला, म्हणजे आमच्या दगडी पाणवठ्याला, साखळी घालून कुलूप ठोकलं. लोक चार किलोमीटर खालून पाणी वाहायला लागले. ज्यांनी ते तपासायचं त्या रसायनवाल्यांच्या यंत्राचा दिवा दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि नवा येत नव्हता. मी नेव्यानाला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "बाटलीभर घेऊन ये. यीस्टला विचारू."

माझा धाकटा भाऊ स्पास कुलपाखालून हात घालून बाटली भरत होता. तोंड मात्र चालूच.

"तुमचं यीस्ट पाणी पिऊन सांगणार होय, ताई? मग आमच्या आजोबांना का नाही विचारलं? ते तर सत्तर वर्षं पीत होते."

"आजोबा पाणी कुठं पीत होते?" त्याची बायको दोच्का म्हणाली.

दोच्काला सहावा महिना होता. दोन्ही हातांच्या बोटांवर बादल्यांच्या कड्यांचे वळ. मी निघाले तेव्हा तिनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्यापुढे उंबऱ्यावर पाणी ओतलं, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. तेही तिनं खालून वाहून आणलेलंच.

"चांगली बातमी आणा हं, वन्सं," ती म्हणाली. "आता नाही होत माझ्यानं."

आम्ही फ्लास्क लावले. तीन चांगल्या पाण्याचे, तीन मुद्दाम विष घातलेले, म्हणजे ताडून बघता येतं, आणि तीन वर्बिनाचे. कपाटाच्या भिंती जाड, वीज गेली तरी दोन तास तग धरायचं. नेव्याना दुसऱ्या मजल्यावर बैठकांत अडकलेली, कारण माणसं कमी करायच्या याद्या चालल्या होत्या. फ्लास्कांवर लक्ष ठेवायचं माझ्याकडे.

त्याच दिवशी संध्याकाळी घरी निघताना पाहिलं तर बाकीचे फ्लास्क गढुळले होते, म्हणजे यीस्ट वाढत होतं. वर्बिनाचे तिन्ही नितळ. आज शाळेतलं पोरही सांगेल की पाण्यात विष होतं म्हणून ते वाढत नव्हतं. मला वाटलं, थंडी वाजतेय. हे हसण्यासारखं आहे, पण मला खरंच तसं वाटलं. आमच्या गावी दह्याला विरजण लावलं की भांडं लोकरीच्या घोंगडीत गुंडाळतात. दही लागलं नाही तर आई दह्याला दोष देत नसे, आणखी एक घोंगडी आणत असे.

मी पाणी तापवलं, दोन बाटल्या भरल्या, त्यांच्यामध्ये ते तीन फ्लास्क ठेवले आणि गुडघ्यांवर घ्यायला आणलेल्या घोंगडीत सगळं गच्च गुंडाळलं. फक्त वर्बिनाचे तीन. बाकीचे धडधाकट होते, त्यांना कशाला? नियम विसरले नव्हते. नियम निरोगी यीस्टला, आजाऱ्याला नाही, असं मी माझ्याच मनानं ठरवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी. सकाळी ते छान गढुळलेले दिसले तेव्हा मला इतका आनंद झाला, की पुढच्या दोन संध्याकाळी मी तेच केलं. सकाळी नेव्याना यायच्या आत फ्लास्क परत कपाटात.

मग प्लेट्स लावल्या आणि ठिपके मोजले. चांगलं पाणी: आठ, सात, नऊ. विष: एकसष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट. वर्बिना: दोन, शून्य, एक.

नेव्यानानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चांगल्या पाण्यापेक्षाही कमी? योन्के, हे काय गं? फ्लास्क कुठं होते?"

"कपाटात."

"उबेत नव्हते ना गेले कधी?"

"नाही," मी म्हणाले.

तो हा शब्द. का म्हणाले, हे बारा वर्षं मी स्वतःला विचारलं. यादीत नाव लागेल ही भीती होती, नाही कशी? पण खरं सांगायचं तर तो शून्य मला हवा होता. दोच्काचे हात डोळ्यांपुढे होते. उबेनं एवढं काय बिघडणार, पाणी चांगलंच असणार, आमच्या आजोबांचं पाणी, असं मी मनाला पढवलं होतं.

"पुन्हा करायला हवं," नेव्याना म्हणाली.

पण बाटली संपली होती आणि बर्फानं वर्बिनाचा रस्ता बंद होता. मेयर रोज फोन करत होता. लोक रात्री कुलूप तोडायला निघालेत म्हणाला, काय ते एकदा लिहून द्या. ती दोन दिवस ते आकडे घेऊन बसली. विष असतं तर उड्या वाढल्या असत्या, घटल्या कशा, हे तिला सुटत नव्हतं. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू नाही म्हणतेस ना? मग झालं," असं म्हणून तिनं पाणी चांगलं असल्याच्या पत्रावर सही केली.

पोस्टातून स्पासचा फोन आला. मागे बँडसारखा गोंगाट. "ताई, साखळी काढली! मेयर पहिला प्याला. तुझ्या यीस्टला सांग, गावात आलं तर रकियाच्या दारूनं आंघोळ घालू." एप्रिलमध्ये दोच्काला मुलगी झाली. तिला पहिली आंघोळ चेश्म्याच्या पाण्यानंच घातली.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळा आला. उन्हाळ्यात सगळे धष्टपुष्ट दिसत होते, मग मी म्हटलं, बघ, काही नव्हतंच. मीही माहेरी गेले की तेच पाणी प्यायचे. याचं पुण्य लागेल असं वाटायचं की काय, कोण जाणे.

पाच-सहा वर्षांनी गावात लोकांच्या तळहातांवर डाग आले. तिथले डॉक्टर म्हणाले साबणानं. मग दारोदार निधनाची पत्रकं चिकटायला लागली, आमच्याकडे लावतात तशी, फोटोसकट, आणि त्यांवरची माणसं म्हातारी नव्हती. नव्व्याण्णवमध्ये दोच्काला मूत्राशयाचा कॅन्सर झाला. आठ महिने टिकली. मी तिचे पाय चोळत बसायचे आणि ती मलाच म्हणायची, "वन्सं, जेवून घ्या, सुकलात अगदी."

दोन हजार एकमध्ये बाहेरून एक पथक चांगली यंत्रं घेऊन आलं. पाण्यात आर्सेनिक, मर्यादेच्या चाळीसपट. चेश्म्याच्या तोटीत सिमेंट भरलं. वर्तमानपत्रांना ते जुनं पत्र सापडलं आणि नेव्याना 'यीस्टवाली बाई' झाली. चौकशी समितीपुढे तिनं एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही, कारण माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. ती म्हणाली, "माझी पद्धत आर्सेनिक पकडू शकली नाही. चूक माझी." आठवड्याभरात प्रयोगशाळेला टाळं लागलं. फ्रीजरची वीज काढली आणि तिचं तीस वर्षांचं यीस्ट वितळून गेलं. फ्रीजरखालचं पाणी मीच पुसलं.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात मी तिच्या घरी गेले. दोच्काच्या मुलीच्या तळहातावर पहिला डाग दिसला होता, त्यानंतर मला बसवेना. नेव्याना स्वयंपाकघरात भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं. घोंगडी, गरम पाणी, तीन संध्याकाळी, आणि ते 'नाही'.

तिचे काळे झालेले हात थांबले.

"किती?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"अंश किती, योन्के?"

"बत्तीस असेल. तेहेतीस."

"तिन्ही रात्री? फक्त वर्बिनाचे?"

"हो."

तिचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तसा मी पाहिला नव्हता. "म्हणजे ते चुकलं नाही!" ती ओरडली. "दोन, शून्य, एक! बत्तीसवर असंच यायला हवं! अगं, ते बरोबर होतं. माझं यीस्ट बरोबर होतं!" तिनं मिरच्यांच्या हातांनी माझी मनगटं धरली आणि ती हसायला लागली, लहान मुलीसारखी, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. मला वाटलं होतं ती थोबाडीत मारेल. ते परवडलं असतं.

मग हसणं थांबलं.

"दोच्का," ती म्हणाली. "ती तुझी भावजय होती ना?"

"हो."

तिनं माझे हात सोडले. नळाखाली स्वतःचे हात धुतले, बराच वेळ. आतून एक वही आणली. टाळं लागायच्या आधी तेवढी एकच तिनं उचलून आणली होती. पान काढून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. आमच्या कामात चुकलेलं खोडून काढत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, शेजारी खरं लिहायचं, तारीख, सही.

मी 'वीस'वर रेघ मारली आणि बत्तीस लिहिलं.

"खालचं," ती म्हणाली.

खाली होतं: पाणी पिण्यास योग्य. त्यावरही मारली.

"कारण लिही."

मी लिहिलं, 'गरम घोंगडीत ठेवले.'

"पुढे."

'विचारल्यावर नाही म्हणाले.'

तिनं शाई वाळेपर्यंत पान हातात धरलं. "याची प्रत भावाला दे," ती म्हणाली. "पोस्टानं नाही. तू जाऊन." माझ्याकडे न बघताच ती परत मिरच्यांकडे वळली.

रविवारी मी वर्बिनाला गेले. स्पास अंगणात लाकडं फोडत होता. कागद त्यानं दोनदा वाचला; तो पहिल्यापासून सावकाशच वाचतो. शिवी देईल म्हणून मी थांबले. त्यानं कुऱ्हाड ओंडक्याला टेकवून ठेवली.

"दोच्काला त्या पाण्याची चव आवडत नव्हती," तो म्हणाला. "पोर झाल्यावरही म्हणायची, मी खालूनच आणत जाईन, मला काही होत नाही. मीच जाऊ दिलं नाही, ताई. म्हटलं, वेडी का तू? ताईनं स्वतः तपासलंय."