आतून कडी

“अगं बाई, सुरी! हिच्या हातात सुरी दिली कुणी?”

हातातली पिशवी दारातच टाकून आई ओरडली. ओट्याशी तिची लेक कांदा चिरत होती. चाळिशी उलटली तरी घरात तिला चिमणीच म्हणत. बाजूला, मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांच्या या घराची देखरेख करणारी ताई निवांत भांडी पुसत होती.

“काकू, आज स्वयंपाकाची पाळी तिची आहे,” ताई म्हणाली.

चिमणीचं दुखणं सुरू झाल्यापासून आईच्या घरी सुरी-कात्री कपाटात आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. इथे सहा जणं तसल्याच दुखण्याची, आणि धारदार सुरी उघड्यावर! हे लोक शुद्धीवर आहेत की नाहीत?

“चिमणे, ते कानातले आवाज गेले का गं?” तिने हळूच विचारलं.

“छे! येतात की. मी त्यांना सांगते, जरा थांबा, कांदा चिरून होऊ दे.”

चिमणी खुदकन हसली. आईला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नाइलाजाने तिने लेकीला इथे ठेवलं होतं. आता ती धडधाकट झाली होती आणि लेकीला न्यायला आली होती.

सुरी धुऊन जागेवर ठेवत चिमणी म्हणाली, “चल, माझी खोली दाखवते.”

खोलीत एक कॉट, खिडकीत डब्यात लावलेलं रोप, टेबलावर गोळ्यांची डबी. दोघी आत आल्या आणि चिमणीने कडी लावली. तो आवाज ऐकून आई दचकलीच.

“कडी कशाला लावतेस? उघड आधी!”

“अगं, आतून लावलीय. हवी तेव्हा उघडता येते.”

“बरं, बरं. बॅग भर. घरी जायचंय.”

“मी रविवारी येईन, आई. भेटायला. राहायला नाही.”

आईला ते खरंच वाटेना. आपण वेणी घालून दिली नाही तर जी पोरगी दिवसभर तशीच बसायची, ती आपल्याला नाही म्हणते?

“जिवापाड जपलं गं तुला!”

“जपलंसच. म्हणून तर आहे मी.”

चिमणीचा आवाज जराही चढला नाही, आणि त्याचाच आईला जास्त राग आला. कडी काढून ती तडक बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. तिचा उजवा हात आपसूक वर गेला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात बोटं चाचपडू लागली. गुळगुळीत लाकूड. तिथे काहीच नव्हतं.

आईने हाताकडे पाहिलं. कामावर जाताना ती रोज लेकीच्या खोलीला बाहेरून कडी घालायची. पोरगी एकदा ट्रकखाली येता येता वाचली होती, दुसरं करणार तरी काय? पण आज कामावर जायचं नव्हतं, रस्त्याची भीती नव्हती, तरी हात कडी शोधत होता.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आई भिंतीला टेकली. मग त्याच हाताने तिने दार हलकेच वाजवलं.

“मी आहे गं. येऊ का आत?”

“थांब जरा,” आतून चिमणी म्हणाली.

आई पदर सावरून दाराबाहेर थांबली.